मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं

मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी परतलेल्या रुग्णाला सर्वांत जास्त धास्ती असते पहिल्या शौचाची. त्या भीतीने अनेक जण जेवण आणि पाणी कमी करतात. मग मल कडक होतो आणि दुखणं वाढतं.

गुदद्वाराच्या आत सुमारे 2 सेंटिमीटरवर एक सीमारेषा असते. तिच्या वर वेदना फारशी जाणवत नाही. खालची त्वचा मात्र अत्यंत संवेदनशील असते. मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 मध्ये मांडलेल्या ऑपरेशनच्या पद्धतीत जखम उघडी ठेवतात. ती भरायला काही आठवडे लागतात. दुखण्याने तिथला स्नायू आवळतो, रक्तपुरवठा घटतो आणि वेदना आणखी वाढते.

हे चक्र तोडता येतं. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं, दुखणं असह्य होण्याची वाट न पाहता, वेळेवर घ्या. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. दिवसातून दोन-तीन वेळा आणि शौचानंतर टबात कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं बसा. स्नायू सैल पडतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इसबगोल चालू ठेवा. तिखट ठेचा काही दिवस बाजूला ठेवा. शौचाला कुंथू नका.

रक्त थांबत नसेल, ताप आला, लघवी अडली किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर गावठी लेप लावत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. लाजेपोटी दुखणं सोसू नका.