डब्यातला उकाडा आणि चिखल्याची हवा

टीव्हीच्या खाली एक चपटा काळा डबा असतो. तुमच्याकडे नसला तर मावशीकडे असेल, नाहीतर शेजारी. दिसायला जाडसर पुस्तकाएवढा, पण आहे तो अख्खा संगणक. सिनेमे, गाणी, सहलीचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. आता बघा हं, सिनेमात चोर पावलं न वाजवता जिना चढतोय, घरातले सगळे श्वास रोखून बसलेत आणि नेमका तेव्हाच डबा सुरू करतो, घुर्रर्रर्र! आजी वैतागून विचारते, "कसला गं आवाज हा?"

आवाज पंख्याचा. डब्याला उकडतंय म्हणून तो जोरात फिरतोय. डिसेंबरात हाच डबा शहाण्यासारखा गप्प असतो आणि मे महिन्यात दिवसभर कुरकुरतो. असं का, हे बघायला आपण भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याला जाणार आहोत, आणि तेही जमिनीखाली! पण त्याआधी डबा उघडू. (मनातल्या मनात हं. खराखुरा उघडायचा असेल तर घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्यायचं.)

आत प्रोसेसरची चिप दिसते. नखापेक्षा थोडी मोठी. तिच्यात ट्रान्झिस्टर नावाची अब्जावधी इवली बटणं, आणि ती सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होत असतात. दर वेळी किंचित वीज लागते. ही वीज जाते कुठे? गणितं करून झाली, चित्र दाखवून झालं, की चिपने घेतलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. छोट्या संगणकातली चिप साधारण १५ ते ३५ वॅट वीज खाते. हे काही फार नाही, असं वाटेल. पण काचेचा जुना पिवळा बल्ब आजोबांना विचारा. ४० वॅटचा बल्ब बदलायला गेलं की बोटाला चटका बसायचा. त्या बल्बला उष्णता सोडायला निदान मूठभर काच होती. इथे सगळा कारभार नखाएवढ्या जागेत.

चिप तापत तापत १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास पोचली की घाबरते आणि स्वतःच कामाचा वेग कमी करते. मग सिनेमा अडखळायला लागतो. तरीही तापतच राहिली तर संगणक स्वतःला सरळ बंद करून टाकतो. म्हणून उष्णतेला तिथून हाकलायचं. आणि तिला हाकलायची वाट मोठी गमतीची असते.

चिपवर धातूचा एक ठोकळा घट्ट बसवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग आपल्याला आरशासारखे सपाट दिसतात, पण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्हीवर डोंगर-दऱ्या! त्या दऱ्यांमध्ये हवा अडकते, आणि हवा उष्णतेला पुढे जाऊ द्यायला अजिबात तयार नसते. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं उष्णतावाहक आहे. म्हणून मधे एक करडी मऊ पेस्ट लावतात. ती दऱ्यांत शिरते आणि हवेला बाहेर काढते. काही वर्षांनी ही पेस्ट वाळून खडखडीत झाली की चिप पुन्हा तापू लागते, आणि लोक उगाच पंख्याला दोष देतात.

ठोकळ्यातून पुढे तांब्याची एक चपटी नळी निघते. माझं विचाराल तर या डब्यातली सगळ्यांत हुशार वस्तू हीच. नळी पोकळ असते. तिच्यातली हवा काढून टाकून आत थोडंसं पाणी ठेवतात आणि तोंड कायमचं बंद करतात. आत हवेचा दाबच नाही, त्यामुळे पाण्याला वाफ होण्यासाठी १०० अंशांची वाट बघावी लागत नाही. ४०-५० अंशांनाही काम भागतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी चिपची उष्णता पोटात घेतं. वाफ धावत थंड टोकाला जाते, तिथे उष्णता टाकून पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी नळीच्या आतल्या बारीक छिद्रांच्या अस्तरातून केशाकर्षणाने मागे झिरपतं. पुन्हा वाफ, पुन्हा पाणी. पंप नाही, वीज नाही आणि आवाज तर मुळीच नाही.

थंड टोकाला पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची दाटी असते. चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना? पसरला की त्याला जास्त हवा लागते. पट्ट्यांचं तेच काम, उष्णतेला पसरायला जागा द्यायची. आणि मग येतो आपला पंखा. तो पट्ट्यांमधली गरम हवा बाहेर ढकलतो.

किती हवा लागते? हिशेब करून बघू. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १२०० ज्यूल ऊर्जा लागते. ३५ वॅट म्हणजे सेकंदाला ३५ ज्यूल. हवा आत जाऊन १० अंशांनी तापून बाहेर यावी असं ठरवलं, तर सेकंदाला साधारण तीन लिटर हवा पुरते. तीनच लिटर! मग एवढी घुरघुर कशाला?

कारण हवा कुठून येतेय ते महत्त्वाचं. पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. खोलीतच ४२ अंश असतील तर डब्याला ४२ अंशांचीच हवा मिळणार आणि चिपचं तापमान तिथून वर मोजायचं. पंख्याने कितीही जीव तोडला तरी चिप खोलीपेक्षा गार होणार नाही. विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना डबा का कुरकुरतो हे आता सांगायला नको.

चला चिखल्याला. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ हे गाव. इथे मॉयल कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. ही कंपनी १९६२ साली सुरू झाली, तिचं मुख्यालय नागपूरला, आणि देशातली सर्वांत मोठी मँगनीज उत्पादक तीच. खाणीत माणसं शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विहिरीतून, खाली उतरतात. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा. खाली बोगद्यांचं जाळं.

वर ४४ अंशांचं ऊन असताना खाली किती असेल? जमिनीखाली काही मीटर गेलं की उन्हाळा-हिवाळा कळेनासा होतो. खडकाचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आपल्याकडे सत्तावीस-अठ्ठावीस अंश. तिथून आणखी खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, म्हणजे १०० मीटरला दोन-तीन अंश. मे महिन्यात खाली बरंच की!

पण थांबा. खाली खडकातून पाणी झिरपतं, हवा दमट होते. माणसं काम करतात, यंत्रं तापतात, सुरुंग उडाल्यावर विषारी वायू निघतात. हवा बदलली नाही तर तिथे थांबताच येणार नाही. म्हणून भूमिगत खाणीला मोठा पंखा लावतात. बहुतेक वेळा तो वर, जमिनीवर असतो आणि खाणीतली हवा ओढून बाहेर फेकतो. त्या जागी ताजी हवा दुसऱ्या वाटेने, माणसं उतरतात त्या शाफ्टमधून, आपोआप आत येते. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. हे सूत्र ध्यानात ठेवा, डब्याकडे परतल्यावर लागणार आहे.

पंखा नसता तरी खाणीत थोडा वारा वाहिला असता, आणि तो ऋतूप्रमाणे उलटलाही असता! हिवाळ्यात बाहेरची हवा गार आणि जड, ती खालच्या तोंडातून आत शिरते आणि आतली उबदार हवा वरच्या तोंडातून बाहेर पडते. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट. पण असल्या लहरी वाऱ्याच्या भरवशावर माणसांना खाली कसं पाठवणार? युरोपात जॉर्जियस अॅग्रिकोला नावाच्या विद्वानाने खाणकामावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १५५६ साली छापला गेला. त्यात खाणीत हवा घालणाऱ्या लाकडी पंख्यांची चित्रं आहेत, आणि त्यातल्या काही पात्यांना चक्क हंसाची पिसं लावलेली!

खाणीत आणखी एक गंमत असते, दारांची. हवा आळशी असते, सगळ्यांत सोपी वाट धरते. आत आलेल्या ताज्या हवेला बाहेर जायचा जवळचा रस्ता सापडला तर ती लांबच्या बोगद्यात काम करणाऱ्या माणसांपर्यंत जाणारच नाही. म्हणून मधल्या वाटांवर दारं बसवतात, तीही जोडीने. एक उघडायचं तर दुसरं बंद पाहिजे.

आता नियम बघा. आपल्या देशात १९६१ सालचे धातूखाणींचे नियम आहेत. त्यानुसार खाणीत ओल्या तापमापीचा पारा ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर तिथे सेकंदाला निदान एक मीटर वेगाचा वारा हवा. ओली तापमापी म्हणजे तळच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेली साधी तापमापी. फडक्यातलं पाणी उडतं आणि पारा उतरतो. हवा कोरडी असेल तर खूप उतरतो, दमट असेल तर फारसा नाही. साध्या तापमापीवर का नाही भागत? कारण माणसाला घाम येतो. घाम वाळला तरच अंग निवतं, आणि घाम वाळेल की नाही हे ओली तापमापी सांगते.

डब्याला कुठे येतो घाम? त्याला नुसतं कोरडं तापमान कळतं. म्हणजे जुलैतल्या ३० अंशांच्या चिकचिकीत तुम्ही हैराण व्हाल, पण डबा मजेत राहील. आणि मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या कोरड्या झळांमध्ये कूलरसमोर तुम्ही निभावून न्याल, पण कूलर नसलेल्या खोलीत डब्याची मात्र वाट लागेल. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडून कूलर हवा गार करतो, ती गार हवा डब्यालाही चालते. फक्त त्याला कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. तुषार उडाले तर सिनेमा कायमचा संपेल.

आता टीव्हीच्या कपाटात डोकवा. शोभेसाठी डबा बंद कप्प्यात ठेवलेला, पुढे काचेचं दार, मागे भिंत. पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातच घुटमळते आणि पुन्हा आत ओढली जाते. येण्याची आणि जाण्याची वाट एक झाली! खाणीत असं झालं तर खाण बंद ठेवतील. घरात आपण पंख्याला शिव्या देतो. कप्प्याला मागून मोठं भोक पाडलं आणि दार उघडं ठेवलं तर निम्मी घुरघुर तिथेच थांबते, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेली निम्मी कशी थांबवायची? पंखा हळू फिरवून. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण त्याला लागणारी वीज एकदम आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हा फरक कानाला चांगलाच कळतो. मग हवा कमी पडली तर? पंखा मोठा घ्यायचा. तिप्पट व्यासाचा, त्याच घडणीचा पंखा त्याच वेगाने फिरला तर तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सुमारे २७ पट हवा टाकतो. म्हणून चाळीस मिलिमीटरचा चिमुकला पंखा किंचाळतो, आणि १२० मिलिमीटरचा हळूहळू फिरून तेच काम गुपचूप उरकतो. डबा फार छोटा घेतला की मोठा पंखा मावत नाही, ही छोटेपणाची किंमत. काही डब्यांना पंखाच नसतो. त्यांचं सगळं अंगच पट्ट्यापट्ट्यांचं असतं. ते पूर्ण मुके, पण मे महिन्यात हात लावाल तर "आई गं!" म्हणाल.

आवाज न करता हवा कापण्यात खरं उस्ताद आहे गव्हाणी घुबड. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात आणि मागच्या कडेला मऊ झालर. हवेचे मोठे भोवरे तिथे फुटून लहान होतात, म्हणून उंदराला घुबड आलेलं ऐकूच येत नाही. पंखे बनवणारे अभियंते या दात्यांचा अभ्यास करून तशी पाती घडवून बघतात.

आणि हो, चिखला तुमच्या डब्यातही असू शकतो बरं का! डब्याचा पत्रा पोलादी असेल तर त्यात थोडं मँगनीज असतंच, त्याशिवाय चांगलं पोलाद होत नाही. आत रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, संगणक बंद असतानाही तारीख-वेळ लक्षात ठेवणारा. त्यात लिथियमच्या जोडीला मँगनीज डायऑक्साइड असतं. टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलातली काळी पूडही तीच. चिखल्याजवळच्याच डोंगरी बुजुर्गला मॉयलचा कारखाना आहे, तिथे विजेच्या साहाय्याने सेलसाठी शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करतात. (खात्री करायला सेल फोडू नका.)

या सुट्टीत एक काम करा. डब्याची वीज बंद करा, वायर काढा आणि जाळीवर बसलेली धूळ कोरड्या ब्रशने झाडून टाका. आतला पंखा झाडायची वेळ आली तर मोठ्यांना सांगा, आणि पातं बोटाने धरून ठेवायला सांगा. फुंकरीने ते गरागरा फिरलं तर खराब होतं. आणि कधी चिखल्याकडे गेलात तर बंद पडलेल्या जुन्या खाणीत पाऊल टाकू नका. तिथे पंखा चालू नसतो, आणि हवेत प्राणवायू किती उरलाय हे नाकाला कळत नाही.