तोल जाणे : केवळ वयाचा दोष नव्हे

“वय झाले, आता तोल जायचाच,” असे वृद्ध रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा म्हणतात आणि रुग्णही निमूटपणे मान डोलावतो. ही समजूत दूर व्हावी, याच हेतूने आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार, पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे मृत्युमुखी पडतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. ज्यांचे खुब्याचे हाड मोडते, त्यांपैकी अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही.

आपला तोल तीन आधारांवर उभा असतो : डोळे, अंतर्कर्ण आणि पायांतील संवेदना. या तिन्हींकडून आलेल्या माहितीचा मेळ मेंदू घालतो. एक आधार दुबळा झाला, तर इतर दोन काही काळ भार उचलतात. म्हणूनच मधुमेहाने तळपाय बधिर झालेले आजोबा दिवसा व्यवस्थित चालतात आणि रात्री अंधारात लघवीला उठले की कोसळतात.

तपासणीचा आरंभ प्रश्नांनी होतो. गेल्या वर्षभरात पडलात का? कोठे, कोणत्या वेळी? पडण्याच्या धास्तीने बाहेर जाणे सोडले का? घराबाहेर पडण्यास बंदी होईल, या भीतीने अनेक वृद्ध पडल्याचे लपवितात. म्हणून हे प्रश्न आपुलकीने विचारावे लागतात. चालू असलेली सर्व औषधेही पाहिली जातात, कारण झोपेच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये.

त्यानंतर पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजतात. वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर भोवळीचे कारण बहुधा तेथेच सापडते. पुढे रुग्णास खुर्चीतून उठून तीन मीटर चालण्यास, वळून परत येण्यास व बसण्यास सांगतात. यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका संभवतो. एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून १० सेकंद उभे राहता येते का, हेही पाहतात. त्या वेळी मदतनीस शेजारीच असतो.

कूस बदलताना खोली गरगर फिरत असेल, तर अंतर्कर्णातील सूक्ष्म कण जागचे सरकलेले असू शकतात. डोके ठरावीक क्रमाने वळविण्याच्या उपचाराने अनेकांना एकदोन बैठकींतच आराम पडतो. इतरांच्या बाबतीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता भरून काढणे, पायांचे व्यायाम, न्हाणीघरात धरण्यास दांडी आणि रात्री मंद दिवा, असे साधे उपाय उपयोगी पडतात.

एक इशारा आवर्जून देतो : एकाएकी तोल जाऊन बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. खुर्ची, घड्याळ व रक्तदाबमापक पुरे. लागतो तो वेळ, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तोच सर्वांत दुर्मीळ असतो. देणगीदारांच्या साहाय्यातून प्रशिक्षित मनुष्यबळ उभे राहते, तेव्हा एखाद्या आजीच्या वाट्याला अशी वीस मिनिटे येतात, आणि ती पुन्हा कोणाचा हात न धरता अंगणात जाऊ शकते.