भाषा वेगळ्या, चलान एक

कापडाच्या एका थानाला किती हात लागतात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. सूत सायझिंगला जाते, बीम लूमवर, कोरा माल प्रोसेसला, मग घडी आणि गाठ. सायझिंगचा मालक तेलुगू बोलतो, मुनीमजींची वही गुजरातीत, माझी स्वतःची उर्दूत, उजवीकडून सुरू होणारी. तरी माल अडत नाही, कारण चलानावरचा लॉट नंबर, मीटर आणि तारीख सर्वांना वाचता येते.

आता प्रत्येकाकडे संगणक आला आणि भाषेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. आमचा ऑर्डरचा प्रोग्राम भाच्याने पायथनमध्ये लिहिला, प्रोसेस हाऊसचा जावामध्ये आहे. मागील वर्षी आमच्या प्रोग्रामने 1,200 मीटर बॉटल ग्रीन रंगवण्याची ऑर्डर पाठवली. अर्ध्या मिनिटात उत्तर आले नाही, म्हणून ऑर्डर हरवली असे समजून त्याने ती पुन्हा पाठवली. तिकडे दोन्ही पोहोचल्या होत्या. त्यांच्याकडे आमचा आणखी कोरा माल पडून होता, तोही हिरवा होऊन आला! त्यांचा दोष जेवढा, तेवढाच आमचा.

काहींनी सल्ला दिला की सर्वांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावे. मला हे पटत नाही. उद्या कोणी मला गुजरातीत वही लिहा म्हणाले तर चुका माझ्याच वाढतील. ज्याला जी भाषा येते तीत त्याने काम करावे, फक्त चलान एक असावे. त्यासाठी जेसनसारखा साधा मजकुराचा नमुना चालतो, तो बहुतेक सर्व भाषांना वाचता येतो. गुगलने 2008 मध्ये प्रोटोकॉल बफर्स सर्वांसाठी खुले केले. त्यात फॉर्म एकदाच लिहायचा, त्यावरून जावा, पायथन, गो यांचे कोड आपोआप तयार होते.

दुसरी गोष्ट नंबराची. नंबर मागणाऱ्याने द्यावा आणि तोच नंबर पुन्हा आला तर काम न करता जुने उत्तर परत द्यावे. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचे पाहा. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून 64 अक्षरांचा क्रमांक बनतो. तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर पोर्टल नाकारते. तुमचे सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत लिहिले आहे, असे तिथे कोणी विचारत नाही.

रंगाईला चार दिवस लागतात, तेवढा वेळ उत्तरासाठी लाइन धरून बसता येत नाही. लगेच पोच द्यावी, निकाल नंतर कळवावा. अशा लांबलचक कामांसाठी मॅक्सिम फतीव आणि समर अब्बास यांनी आधी उबर कंपनीत केडन्स आणि 2019 पासून टेम्पोरल ही यंत्रणा उभी केली. प्रत्येक टप्पा ती नोंदवून ठेवते, म्हणून वीज गेली तरी काम थांबले तिथूनच पुढे सुरू होते. 2025 मध्ये तिची नेक्सस ही सोय सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली. एका गटाने आपली सेवा नावानिशी मांडायची, दुसऱ्याने मागायची. आत काय चालते हे पाहण्याची गरज नाही. अर्थात आठ लूमच्या कारखान्याला एवढा पसारा नको. नंबर घातलेले चलान आणि एक रजिस्टर पुरे.

खरी अडचण मात्र अर्थाची आहे, आणि ती कोणतेही यंत्र सोडवत नाही. आमच्या फॉर्ममध्ये ‘मीटर’ असा एकच रकाना होता. आम्ही त्यात कोरा मीटर भरत होतो, ते तयार मीटर समजत होते, आणि प्रोसेसमध्ये कापड आटते! संगणकाच्या दृष्टीने दोन्ही आकडे बरोबर, भांडण मात्र दर महिन्याला. तारखेचेही तसेच. 05-06 म्हणजे 5 जून की 6 मे? अखेर दोन्हीकडच्या मुनीमजींना समोरासमोर बसवले आणि चहाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून काढला. दोन्ही प्रोग्रामवाले बाजूला बसून ऐकत होते. ठरले असे की नवा रकाना वाढवता येईल, जुन्याचा अर्थ बदलायचा नाही.

आता कोरा मीटर आणि तयार मीटर असे वेगळे रकाने आहेत आणि ऑर्डरचा नंबर आमच्याकडून जातो. तो जादा बॉटल ग्रीन माल मात्र अजून गोदामात आहे. ईदपूर्वी एका शाळेच्या गणवेशासाठी विचारणा आली होती, पण त्यांना नेव्ही ब्लू हवा होता.