म्हातारा प्रोसेसर आणि नवे खेळ

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या प्रोसेसरवर लेख लिहावा, हे आमच्या सरांना अंमळ धारिष्ट्याचेच वाटेल. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. मे महिन्याच्या सुटीत धुळ्याला घरी गेलो, तेव्हा तो ओसरीवर माझी वाट पाहत बसला होता.

झाले होते ते असे. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी माझ्या धाकट्या भावाला जळगावच्या गोलाणी मार्केटातून साडेआठ हजारांत एक जुना संगणक घेऊन दिला. कुठल्याशा कचेरीतून निघालेले ते यंत्र. आत इंटेलचा कोअर आय-5 4570, म्हणजे 2013 सालचा प्रोसेसर. अभ्यासाला ते उत्तम चालले. पुढे मित्रांकडे पाहिलेले खेळ त्यावर अडखळू लागले, आणि धाकट्याने घरात जाहीर केले की प्रोसेसर म्हातारा झाला, आता पंचावन्न हजारांचा नवा संच घेतल्यावाचून गत्यंतर नाही. घरात पैसे होते. पण ते खरिपाच्या बियाण्याचे आणि खताचे. मृग तीन आठवड्यांवर आला होता. आप्पा मला एवढेच म्हणाले, "नवं लेवानं शे का मंग? तू सांगशी तसं." त्याच रात्री गच्चीवर धाकटा म्हणाला, "भाऊ, प्रोसेसर गेला एवढंच सांग. बाकी मी बघतो."

मला खरे काय ते ठाऊक नव्हते. तेव्हा आधी शिकणे भाग पडले.

खेळ चालू असताना पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटली, तर हालचाल डोळ्यांना सलग वाटते. म्हणजे एक चित्र तयार व्हायला सेकंदाचा साठावा भाग, सुमारे 16.7 मिलिसेकंद. एवढ्या अवधीत प्रोसेसरने कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, मोटार कशी वळली, रस्त्यावरची माणसे कुठे चालली, हे सारे ठरवायचे आणि काय रंगवायचे ते ग्राफिक्स कार्डाला सांगायचे. रंगकाम कार्डाचे. 4570 ला चार गाभे आहेत. प्रत्येकाची मूळ गती 3.2 गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला 320 कोटी ठोके. एका चित्राच्या वाट्याला एका गाभ्याचे सव्वापाच कोटींहून अधिक ठोके येतात. आकडा ऐकून वाटते, एवढ्यात काय होणार नाही? पण कामाची वाटणी कशी होते, त्यावर सारे अवलंबून असते.

आपल्याकडची भरीत पार्टीच घ्या ना. थंडीत मळ्यावर पंगत ठरली. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायला एकाऐवजी चार जण बसले तर काम झपाट्याने उरकते, सोलण्याचेही तसेच. फोडणी मात्र एकालाच द्यावी लागते, आणि भाजणे, सोलणे, कुटणे झाल्याखेरीज ती देताही येत नाही. तेथे आठ जण उभे केले तरी कढई एकच! पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली परम 8000 हा महासंगणक पुरा केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपूनच. मात्र असा महासंगणक ज्या गणितांसाठी बांधतात ती तुकड्या-तुकड्यांनी वाटून देता येतात. खेळातला बराच भाग फोडणीसारखा असतो. म्हणून गाभे किती, याबरोबरच एकेक गाभा किती चपळ, हेही पाहावे लागते.

आणि पंगतीला भरितासोबत कळण्याच्या भाकरी लागतात. प्रोसेसर भरीत करतो, ग्राफिक्स कार्ड भाकरी थापते. पंगत खोळंबली तर खोटी कोणाची, हे चुलीजवळ जाऊन पाहावे लागते. धाकटा नेमका तेथेच गेला नव्हता.

आम्ही गेलो. 2015 साली संगणकावर आलेला जीटीए 5 लावला आणि टास्क मॅनेजर उघडून ठेवला. गंमत अशी, की या खेळाच्या कर्त्यांनी 'शिफारस' म्हणून जो इंटेलचा प्रोसेसर सांगितला आहे, तो आय-5 3470, म्हणजे आमच्यापेक्षाही एक पिढी जुना. आमचा प्रोसेसर साठ-पासष्ट टक्के राबत होता. ग्राफिक्स मात्र शंभराला टेकलेले. कारण उघड होते. यंत्रात ग्राफिक्स कार्ड नव्हतेच! प्रोसेसरच्याच पोटात असलेल्या लहानशा जोडीवर सगळे रंगकाम चालले होते. शिवाय मेमरी चारच जीबी, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. दुपारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी जेमतेम चालणारा खेळ दुपारी अगदीच गळपटे. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती आपोआप उतरवतो. खोके उघडले तर पंख्यात धुळ्याची धूळ (नावाला जागणारे गाव!) आणि पंख्याखालची पेस्ट वाळून खडू झालेली. पंखा साफ केला, शंभर-दीडशे रुपयांची नवी पेस्ट लावली, तेव्हा मेच्या उन्हातही तापमान सत्तरीवर थांबले.

मग माझ्या शिकवणीच्या पैशातून, जळगावला जाऊन, एक वापरलेले जीटीएक्स 1050 टीआय कार्ड साडेचार हजारांत आणले. ते 2016 सालचे. कचेरीच्या यंत्राचा पॉवर सप्लाय अशक्त असतो, आणि हे कार्ड 75 वॅटवर, सहसा वेगळी तार न जोडता, चालते, म्हणून तेच. सोळाशेचा एसएसडी, सहाशेची चार जीबी मेमरी. एकूण 6,700 रुपये.

जीटीए आता सेकंदाला साठ चित्रांच्या आसपास चालू लागला. भर शहरात गाडी हाणली की पंचेचाळीसवर येई, आणि त्या वेळी प्रोसेसर नव्वदीच्या पुढे गेलेला दिसे. म्हणजे खरी मर्यादा होती. पण ती भावाने समजली होती त्याच्या बरीच पलीकडे होती.

काऊंटर-स्ट्राइक 2 ने मात्र मला गप्प केले. हा खेळ 2023 साली आला. सरासरी आकडा झकास दिसतो; पण धूर, स्फोट आणि दहा खेळाडू एके ठिकाणी जमले की चित्र गचके खाते, आणि नेमका तेव्हाच प्राण जातो. सरासरीवर विसंबू नये, हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला कोणी सांगायला नको. वर्षाचा पाऊस भरला, पण जुलैत वीस दिवस उघडीप पडली, तर कपाशी सरासरीवर जगत नाही. येथे धाकट्याची तक्रार खरी होती.

एवढा जुना प्रोसेसर इतकी वर्षे टिकला कसा, हाही प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर संगणकात नाही, दिवाणखान्यात आहे. मोठे खेळ बहुधा प्लेस्टेशनसारख्या खेळयंत्रांसाठीही लिहिले जातात. 2013 च्या प्लेस्टेशन 4 मध्ये आठ गाभे होते, पण 1.6 गिगाहर्ट्‌झचे, दुबळे. त्याला झेपेल असे लिहिलेले खेळ आमच्या चार चपळ गाभ्यांना जड नव्हते. 2020 च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन 5 आला. गाभे आठच, पण प्रत्येक दुप्पट गतीचा आणि एका वेळी दोन कामे सांभाळणारा. यंत्र तेच राहिले, पंगत वाढली. सायबरपंक 2077 हा खेळ 2020 साली आला तेव्हा किमान म्हणून 2012 चा आय-5 3570के पुरे होता. 2023 साली त्याच खेळाची किमान अट 2015 च्या आय-7 6700 वर गेली, आणि एसएसडी सक्तीचा झाला.

दुसरी भिंत ताकदीची नाहीच. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. 4570 चौथ्या पिढीचा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. व्हॅलोरंट हा खेळ तर विंडोज 11 वर टीपीएम 2.0 असल्याशिवाय उघडतच नाही. अंगात बळ असूनही दारावर अडवले जाणे म्हणतात ते हेच.

मी आप्पांना जे दिसले ते सांगितले. 2020 पर्यंतचे बहुतेक खेळ या यंत्रावर होतील. त्यानंतरचे काही होतील, काही रडतखडत होतील, काही होणारच नाहीत. प्रोसेसर 'गेलेला' नाही, पण धाकटा अगदीच खोटेही बोलला नाही. आणि बदलायचाच झाला तर पंचावन्न हजारांची गरज नाही. दहाव्या पिढीच्या आय-5 चे, सहा गाभ्यांचे, वापरलेले यंत्र पाहावे. कार्ड आणि एसएसडी त्यात नेता येतील. मेमरी जुन्या घडणीची, ती मात्र येथेच राहील.

आप्पांनी विचारले, "हाई कवय?" मी म्हणालो, कापूस विकल्यावर. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या दुकानी गेले.

धाकट्याने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या रात्री त्याच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला, म्हणून डोकावलो. त्याने 2006 साली निघालेला क्रिकेट 07 लावला होता. प्रोसेसर दहा टक्केही राबत नव्हता. "बॅटिंग करतो का?" त्याने मागे न बघता विचारले, आणि मी खुर्ची ओढली.