गीझर गळतोय? बादली ठेवून भागणार नाही

सकाळची साडेसहाची वेळ. मुलाची शाळेची बस सातला. आंघोळीला गेलेला मुलगा ओल्या अंगानेच बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘आई, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’’

माझ्या काळजाचा ठोका चुकला. पंधरा दिवसांपासून आमचा गीझर थेंबथेंब गळत होता. सासूबाईंनी दोनदा बजावलं होतं, पण मी खाली बादली ठेवून मोकळी झाले होते. ‘‘थेंबच तर पडताहेत, दिवाळीनंतर बघू,’’ असं ह्यांचंही म्हणणं.

मेकॅनिकने गीझरचं खालचं झाकण उघडलं, तेव्हा तारांच्या टोकांवर ओल आणि गंज होता. प्लगमधली अर्थिंगची तार तर सुटलेलीच होती. थोडक्यात निभावलं, इतकंच. तुमच्या घरी अशी वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सर्वप्रथम काय कराल?

हात कोरडे करा, पायात रबरी चप्पल घाला आणि गीझरचा स्विच बंद करा. स्विच किंवा भिंत ओली असेल तर तिथे हात न लावता घराचा मेन स्विच बंद करा. मग गीझरला थंड पाणी देणारा कॉक फिरवा. तो जाम झाला असेल तर गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. वीज बंद केली तरी गीझरमधलं पाणी कित्येक तास कढत राहतं, तेव्हा लगेच पाना घेऊन नट खोलायला जाऊ नका. झाकण तर जाणकाराशिवाय कुणीच उघडू नये.

गळती नेमकी कुठे?

गीझर थंड झाल्यावर तो बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि वीज बंदच ठेवून पाण्याचा कॉक उघडा. जिथला कागद आधी भिजेल, तिथे गळती.

जोडनळीपाशी असेल तर बहुधा वॉशर किंवा टेप बदलून काम भागतं. झाकणातून पाणी येत असेल तर एलिमेंट बसवलेल्या जागेचं गॅस्केट खराब झालेलं असू शकतं. तेही बदलता येतं. पण टाकीच गंजून फुटली असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालवू नका. ते फार काळ टिकत नाही. नवा गीझर घेणंच शहाणपणाचं.

सेफ्टी व्हॉल्व्हचे थेंब

पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापवलं, तर ते सुमारे पाव लिटरने वाढतं. म्हणून पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडले तर घाबरू नका. मात्र गीझर थंड असतानाही धार लागली, तर व्हॉल्व्ह बिघडला आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे.

काही जण हे भोक लेप फासून बुजवतात. ही चूक जिवावर बेतू शकते. थर्मोस्टॅट बिघडला आणि दाबाला बाहेर पडायला वाट उरली नाही, तर टाकीचा स्फोट होऊ शकतो.

एवढं लक्षात ठेवा

पुष्कळ गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक दांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते. तुमच्याकडचं पाणी क्षारयुक्त असेल, तर दरवर्षी ती तपासून घ्या. एलिमेंटवरचा क्षारांचा थरही त्याच वेळी काढून घ्या. नवा गीझर घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस 2082 हा क्रमांक पाहा. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळू लागली की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. आंघोळीला जाण्यापूर्वी गीझर बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांनाच लावा.

आमच्याकडे नवं वॉशर, नवं गॅस्केट आणि अर्थिंगची दुरुस्ती एका दुपारीच झाली. जे काम मी पंधरा दिवस टाळलं, ते दोन तासांचं होतं. ती बादली आता कपडे भिजवायला वापरते. पण ती उचलताना मुलाचं ते वाक्य हमखास आठवतं.