परवाना खिशात, सराव हातात

विंचचा दोर ताणला गेला की जागेवर उभं असलेलं ग्लायडर तीन-चार सेकंदांत धावपट्टी सोडतं आणि नाक आभाळाकडे रोखून चढू लागतं. नेमका तेव्हाच दोर तुटला तर? आधी नाक खाली दाबायचं, वेग परत येईपर्यंत थांबायचं आणि मगच समोर उतरायचं की वळायचं ते ठरवायचं. वेग नसताना वळणारं ग्लायडर गिरकीत सापडतं, आणि सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. हे सगळं पाठ असतं, पण सहा महिन्यांच्या खंडानंतर हाताला ते वेळेवर सुचेलच असं नाही. ग्लायडिंगचे नियम पाहताना मी हीच एक गोष्ट शोधतो.

हा खेळ वाढला जर्मनीत. व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं बिनइंजिनाची विमानं घेऊन वासरकुपे डोंगरावर जमली. १९२० साली तिथे स्पर्धा भरली, मागोमाग शाळा आल्या, बिल्ले आले. रौप्य बिल्ल्याला पाच तास हवेत राहणं, ५० किलोमीटर अंतर आणि १००० मीटर उंची कमावणं लागतं. हा बिल्ला एकदा मिळाला की जन्मभराचा. परवान्याचं तसं नाही.

युरोपीय संघात चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येतं, परवाना सोळाव्या वर्षी. त्यासाठी किमान १५ तासांचं शिक्षण, त्यातले १० प्रशिक्षकासोबत, आणि ४५ उड्डाणं. अमेरिकेत पाटी कोरी असलेल्याला खासगी परवान्यासाठी १० तास आणि २० उड्डाणं पुरतात. हे किमान आकडे आहेत. त्यावरून कोण कडक आणि कोण सैल हे ठरवू नये.

खरी मेख पुढे आहे. युरोपात मागच्या २४ महिन्यांत ५ तास आणि १५ उड्डाणं झालेली हवीत, शिवाय प्रशिक्षकासोबतची दोन. नाहीतर परीक्षकासमोर उडून दाखवा. विंच असो वा विमानामागचा दोर, ज्या पद्धतीने वर जायचं तिचा हिशोब वेगळा. प्रवासी बसवायचा तर युरोपात आणि अमेरिकेतही मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं लागतात. अमेरिकेत दर २४ महिन्यांनी उजळणी असते, आणि तिथे ग्लायडरवाल्यांना एका तासाच्या उड्डाणाऐवजी प्रशिक्षकासोबत तीन छोट्या फेऱ्या चालतात. ही सवलत मला फार शहाणपणाची वाटते. ग्लायडिंगमध्ये तास फसवे असतात. चांगला गरम झोत सापडला तर माणूस पाच तास वर राहतो, पण उड्डाण एक आणि उतरणं एक. अडचणीचे प्रसंग येतात ते बहुधा याच दोन टोकांना.

चोवीस महिन्यांच्या हिशोबाला मात्र एक भोक आहे. पंधराच्या पंधरा उड्डाणं पहिल्या दोन महिन्यांत उरकून वैमानिक पुढे दीड वर्ष घरी बसला, तरी कागदावर तो तयारच. ब्रिटनच्या ग्लायडिंग संघटनेने यासाठी एक साधा तक्ता वापरात आणला. गेल्या बारा महिन्यांतले तास आणि उड्डाणं त्यावर जोडली की लाल, पिवळा किंवा हिरवा पट्टा समोर येतो. त्याच संघटनेने २००५ साली विंचच्या अपघातांविरुद्ध मोहीम उघडली. तिचा एक धडा अगदी सोपा होता: पंख समपातळीत राहत नसेल तर तो जमिनीला टेकण्याआधी दोर सोडा. त्यासाठी हात पहिल्यापासून दोर सोडण्याच्या मुठीवर हवा. त्यानंतर विंचवरचे गंभीर अपघात बरेच घटले.

आपल्याकडे हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथेही विंचच. फेरी काही मिनिटांत संपते म्हणून नवखे हिरमुसतात. पण उडणं आणि उतरणं गिरवायला अशा आखूड फेऱ्यांइतकं चांगलं काही नाही.

ब्रिटनमधल्या क्लबांत हिवाळा सरला की जुन्या वैमानिकांनाही प्रशिक्षकासोबत बसवतात. मागच्या सीटवरचा प्रशिक्षक चढतानाच, काही न सांगता, दोर सोडून देतो. शेकडो तास गाठीशी असलेले यावर कुरकुरतात, आणि कधीकधी नाक खाली दाबायला त्यांनाच उशीर होतो.