दोघांपुरती साहसकथा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) सारख्या खेळात एक जण कथा सांगतो, बाकीचे पात्रं होतात आणि निकाल फासे देतात. छापील साहसं बहुधा चार-पाच खेळाडूंसाठी असतात. खेळाडू दोघंच असतील तर आधी शत्रू कमी करा. समजा, कथा यवतमाळच्या टिपेश्वर जंगलात घडते. सहा लांडग्यांना प्रत्येक फेरीत सहा वार मिळतात, दोन खेळाडूंना दोनच. तिथे शौर्य पुरत नाही. जंगल जाणणारा एखादा कोलाम जमातीचा वाटाड्या सोबत द्या. याच खेळाच्या २०१९च्या 'इसेन्शियल्स किट'मध्ये अशा साथीदारांचे नियम आहेत. महत्त्वाचा सुगावा एकाच दानावर अवलंबून ठेवू नका. हरल्यास मरणाऐवजी कैद ठेवा, म्हणजे कथा थांबत नाही. निर्णय मात्र खेळाडूंनाच घेऊ द्या, वाटाड्याला नाही.